रविवारची अंडी

भिंगार,
ता. ८ मार्च १९४५

चि. दीनास बाबांचे आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्या पत्रात तू माझ्या गुडघ्याची चौकशी केली आहेस. तो सुजलेला आहे. दुसऱ्या पत्रात तू जे विचारलं आहेस त्याचं उत्तर शेवटी देतो, कारण मधेच घरात एक अडचण येऊन बसली आहे. बसली म्हणजे खरोखरच बसली आहे.

आपली तांबडी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायचं सोडून उबवायला बसली. यात तसं नवल नाही. तुझी आई होती तेव्हाही वर्षातून एखादी व्हायचीच. आई एक तर तिच्याखाली अंडी ठेवून पिलं काढायची, नाहीतर तिला पिटाळून परत अंडी घालायला लावायची, आणि मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचायचो. आता घरात वर्तमानपत्र वाचणारा तेवढा उरला आहे.

त्यात ती बसली आहे कशावर? रविवारच्या अंड्यांवर. आईचा नेम तुला ठाऊक आहे. रविवारी घरात जी अंडी पडतील ती देवाची. उपासना झाली की पुंजारामभाऊ देवळाच्या ओट्यावर त्यांचा लिलाव करतो आणि प्रत्येक अंडं आधी कानाशी हलवून बघतो, जसं काही ते त्याला आतून भाव सांगणार आहे. आईच्या मागं मी हा नेम मोडलेला नाही. पण या गुडघ्यापायी लागोपाठचे रविवार देवळात जाणं झालं नाही, आणि देवाची अंडी खाटेखाली भुशाच्या टोपलीत साठत गेली. परवा सकाळी बघतो तर तांबडी त्यांवर पंख पसरून बसलेली. हात घातला तर मनगटाला चोच मारली. पंतोजीला एवढ्या सरळपणे आजवर कुणी उत्तर दिलेलं नव्हतं.

शेजारच्या चांगुणाबाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "मास्तर, ती खुडूक हाय. आता तिच्या अंगात आई शिरलीया. लई दिस न्हाई उठायची." मी म्हणालो, अंडी तिची नाहीत, देवळाची आहेत. त्या म्हणाल्या, "तिला काय ठावं?"

आता पेच असा. अंडी काढून घेऊन लिलावाला ठेवली आणि कुणाच्या घरी ती फोडल्यावर आत डोळा निघाला, तर लोक नावं ठेवतील ती मला, कोंबडीला नव्हे. तशीच राहू दिली तर देवाचा जिन्नस मी घरात अडकवून ठेवल्यासारखं होतं. राजूरला भोवतालच्या वाड्यांवरून बाया बाजाराला कोंबड्या घेऊन येतात. तिला अंड्यांवरून उठवायचं कसं, ते त्यांना विचारून कळव.

राहता राहिलं दुसरं पत्र. दानीएल कंपाउंडर हा मनुष्य शांत आहे, निर्व्यसनी आहे, दवाखान्यात त्याचं चांगलं नाव आहे, असं तू लिहितेस. असेल. पण तो रोमन कॅथलिक आहे, आपल्या मंडळीचा नव्हे. माझ्या आजोबांनी घरदार सोडून ख्रिस्ताचा हा मार्ग धरला. त्यांच्या घरातली मुलगी रोमन देवळाच्या पायऱ्या चढताना मला बघायची नाही. या विषयावर माझं म्हणणं एवढंच.

उन्हात फिरू नकोस.

तुझा,
बाबा


राजूर,
ता. १३ मार्च १९४५

ती. बाबांस दीनाचा सलाम.

पत्र काल संध्याकाळी मिळालं. तांबडीनं चोच मारलेल्या जागी हळद लावलीत का? नसेल लावली. लावा.

इथल्या एका माहितगारांना विचारलं. ते म्हणतात, खुडूक कोंबडीच्या पोटाला ताप चढलेला असतो, तो उतरवला की ती आपोआप ताळ्यावर येते. एक बादली थंड पाणी घ्यायचं, कोंबडीला दोन्ही पंखांसकट घट्ट धरायचं आणि पोटापर्यंत पाण्यात बुडवून थोडा वेळ धरून ठेवायचं. मग डालग्याखाली उघड्या जमिनीवर कोंडायचं. भुसा, चिंध्या, काही मऊ जवळ ठेवायचं नाही. एक-दोन दिवसांत विसरते म्हणतात. टोपलीही नजरेआड करा.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही म्हणालात तुमचं म्हणणं एवढंच, पण माझं एवढंच नाही. बाबा, मला रोमन व्हायला कुणी सांगितलेलं नाही. दानीएलनंही नाही आणि त्यांच्या देवळाच्या फादरांनीही नाही. मी आहे तशीच राहीन आणि रविवारी माझ्या उपासनेला जाईन. इथं उपासना म्हणजे शाळेच्या खोलीत आम्ही मोजकी माणसं, आणि पेटी वाजवणारी मीच. मी गेले नाही तर गाणंच व्हायचं नाही.

एकदा त्यांना भेटा तरी. भेटल्यावर नको म्हणालात तर निदान माणसाला नको म्हणालात असं होईल.

शाळा ठीक. मे महिन्यात सुटी लागेल.

तुमची,
दीना


भिंगार,
ता. १८ मार्च १९४५

चि. दीनास आशीर्वाद.

तुझ्या माहितगारांचा उपाय केला. त्याचा अहवाल पुढीलप्रमाणे.

बादली अंगणात ठेवली. कोंबडी दोन्ही पंखांसकट घट्ट धरली. पोटापर्यंत बुडवली. तिनं एक पंख सोडवून घेतला आणि त्यानंतर बादलीतलं पाणी निम्मं माझ्या अंगावर, निम्मं जमिनीवर होतं. कुंपणापलीकडून छावणीतले दोन शिपाई बघत उभे होते. त्यांतला एक म्हणाला, मास्तर, बाप्तिस्मा देताय का?

मग तिला डालग्याखाली घातली. डालग्यावर वरवंटा ठेवला. टोपली नजरेआड केली, म्हणजे माळ्यावर. दुपारी मी जरा पडलो. उठून बघतो तर वरवंटा जमिनीवर, डालगं कलंडलेलं, आणि कोंबडी माळ्यावर. शिडी लावलेली नव्हती. ती वर कशी गेली ते मला अजून कळलेलं नाही. पिसं ओली, अंगाला कापरं, पण बसलेली. मला शिंका येताहेत, तिला काहीही झालेलं नाही. तुझ्या माहितगारांना माझा नमस्कार सांग आणि विचार की त्यांनी जन्मात कोंबडी पाहिली आहे काय.

शेवटी मीच शिडी लावली आणि टोपली तिच्यासकट खाली आणून खाटेखाली पहिल्या जागी ठेवली. आता मी तिच्यापुढे दाणे आणि पाणी नेऊन ठेवतो. ती दिवसातून एकदा उठते, घाईघाईनं खाते आणि माझ्याकडे न बघता परत जाते. तुझी आई माझ्यावर रागावली की घरात अशीच वावरायची.

काल पाळक शलमोनसाहेब येऊन गेले. टोपलीकडे वाकून बघितलं आणि म्हणाले, मास्तर, हा विषय पंचांपुढे ठेवावा लागेल. मी म्हणालो, ठेवा. जाताना त्यांनी तुझा विषय काढला. त्यांना कुठून कळलं मला ठाऊक नाही. भिंगारात छावणीचं गुपित एक वेळ राहील, घरचं राहत नाही. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी तुझ्या पत्रात नव्हती.

रोमन लोक मिश्र लग्न लावतात ते एका अटीवर. होणारी मुलं त्यांच्या देवळाची. त्यांचा बाप्तिस्मा तिथं, त्यांचं शिक्षण तिथलं, आणि हे दोघांनी आधी सही करून द्यायचं. खरं आहे का? खरं असेल तर तुला कुणी काही सांगितलेलं नाही हे कसं? तू तशीच राहशील, ठीक आहे. पण तुझी मुलं माझी कोण लागतील? मी त्यांना दुरून सलाम करायचा काय?

मला हे कळवलं असतंस तर मी रागावलो असतो. कळवलं नाहीस म्हणून मला वाईट वाटलं. रागावणं बरं होतं.

बाबा


राजूर,
ता. २२ मार्च १९४५

ती. बाबांस सलाम.

खरं आहे. अट आहे. मी ती लिहिली नाही, कारण ती वाचल्यावर तुम्ही पुढचं काही वाचणार नाही असं मला वाटलं. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे आणि माझाही तोच आहे.

दुसरंही एक सांगून टाकते. माहितगार म्हणजे दानीएल. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं होतं. शिडीवाचून ती माळ्यावर गेली हे ऐकून ते हसले नाहीत. त्यांनी कबूल केलं की त्यांनी कोंबडी कधी पाळलेली नाही. ताप उतरवायचा म्हणजे थंड पाणी, एवढंच दवाखान्यात शिकलेले आहेत, ते त्यांनी कोंबडीला लावलं. मी त्यांना म्हटलं, मग ठाऊक नसताना सांगितलंत कशाला? ते म्हणाले, तुझ्या बाबांनी काहीतरी विचारलं होतं, आणि मला ठाऊक नाही असं त्यांना पहिल्याच खेपेला सांगायचं माझ्या जिवावर आलं. शिंकांवर त्यांनी औषध दिलं आहे, ते सोबतच्या पुडीत आहे. घ्या किंवा टाकून द्या. औषधाचं मात्र त्यांना कळतं.

बाबा, आता स्पष्ट लिहिते. मे महिन्यात आम्ही लग्न करणार आहोत. तुम्ही आला नाहीत तर मी लग्न करणार नाही, असं मी लिहिणार नाही, कारण ते खोटं होईल. मी करीन. पण आई गेल्यावर मला तुम्हीच आहात, आणि तुमच्यावाचून उभी राहिले तर त्या दिवसाचा आनंद मला होणार नाही. मला तुमचा होकार हवा आहे. नुसती परवानगी नको आहे.

तुम्ही रागावा. पण पत्र पाठवा.

दीना


राजूर,
ता. ३१ मार्च १९४५
(कार्ड)

ती. बाबांस सलाम. पत्र नाही. रागावला असाल तर तसं कळवा, आजारी असाल तर चांगुणाबाईंना सांगून कळवा, कोंबडी मेली असेल तर तेही कळवा. उद्या पुनरुत्थानाचा सण. इथं पहाटेची उपासना डोंगराच्या सोंडेवर आहे. तुमची आठवण येते. दीना.


भिंगार,
ता. ४ एप्रिल १९४५

चि. दीनास आशीर्वाद.

कार्ड मिळालं. आजारी नाही. कोंबडी मेलेली नाही. रागावलो होतो, पण ते लिहायला बसलो की टोपलीकडे लक्ष जायचं आणि पत्र राहून जायचं.

पिलं निघाली. सणाच्या आधीच्या आठवड्यात. टोपलीतून आवाज यायला लागला तेव्हा मला वाटलं उंदीर आहे. तांबडीनं मला जवळ येऊ दिलं. एक अंडं माझ्या डोळ्यांदेखत फुटलं. दीना, माझं वय काय आणि मी हे पहिल्यांदा पाहिलं. तुझी आई दर वर्षी हाक मारायची, अहो, इकडे येऊन बघा तरी, आणि मी म्हणायचो, येतो, एवढी बातमी संपू दे. पुष्कळ बातम्या वाचल्या. त्यांतली एकही आता आठवत नाही.

सणाच्या दिवशी उपासनेनंतर पंच बसले. विषय : मास्तर आमोस यांच्या घरी देवळाच्या अंड्यांतून निघालेली पिलं कुणाची?

पुंजारामभाऊ म्हणाला, अंडी देवळाची, म्हणून पिलं देवळाची, आणि मोठी झाल्यावर ती जी अंडी घालतील तीही देवळाचीच. त्याच्या डोळ्यांपुढे आताच मोठं खुराडं दिसत होतं. दुसरा एक पंच म्हणाला, पण कोंबडा कुणाचा होता? तेवढ्यात कुणी न बोलावता चांगुणाबाई ओट्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "कोंबडा माजा हाय. सांगून ठिवते. पिलांतली येक तलंग तरी मला मिळाया पायजे." पंचांत यावरून बरीच गडबड झाली. देवाला वाहिलेल्या जिनसात परधर्मी कोंबड्याचा वाटा असतो काय, याबद्दल शास्त्रात आधार शोधायचं ठरत होतं.

मग मी उठलो. तू तिथं असायला हवी होतीस. मी म्हणालो, पंचहो, मी देवाला अंडी दिली होती. अंडं म्हणजे न्याहारीचा जिन्नस. ते तसंच टोपलीत पडून राहिलं असतं तर आज त्याला वास मारला असता. त्याचं पिलू झालं ते माझ्यामुळे नाही. मंडळीमुळे नाही. चांगुणाबाईंच्या कोंबड्यामुळे म्हणाल, तर तो त्यानंतर आमच्या दाराशी फिरकलेला नाही. पिलू झालं ते या कोंबडीनं खाणंपिणं टाकलं, बुडवून काढली तरी ओल्या पिसांनी परत येऊन बसली, म्हणून. जी ऊब देते तिचं पिलू. टोपली कुणाची, अंडं कुणाच्या नावाचं, हे प्रश्न कवच फुटेपर्यंतचे. कवच फुटलं की ते प्रश्न संपले.

पाळकसाहेब म्हणाले, मास्तरांचं म्हणणं मला पटतं. पुंजारामभाऊ सोडून सगळ्यांना पटलं. देवळाला मी येत्या रविवारपासून भरपाईची अंडी द्यायची आणि पिलं कोंबडीकडे राहायची, असा निकाल झाला. एवढ्या जोरात मी शाळा सोडल्यापासून बोललो नव्हतो. घरी येईपर्यंत गुडघाही दुखला नाही.

पुडीतलं औषध घेतलं. शिंका थांबल्या. हे कुणाला सांगायचं असेल त्याला सांग.

तुझ्या पत्रातल्या मुख्य विषयावर माझं मत होतं तेच आहे.

बाबा


राजूर,
ता. ९ एप्रिल १९४५

ती. बाबांस सलाम.

तुमचं भाषण मी चारदा वाचलं. एकदा मनात, एकदा दानीएलना, आणि मग परत दोनदा मनात. 'जी ऊब देते तिचं पिलू. टोपली कुणाची, अंडं कुणाच्या नावाचं, हे प्रश्न कवच फुटेपर्यंतचे.' हे तुम्ही बोललात. सणाच्या दिवशी, चारचौघांत, पंचांसमोर, आणि पाळकसाहेबांना ते पटलं.

मग बाबा, मला सांगा, माझी मुलं कुणाची?

फादरांच्या कागदावर त्यांचं नाव त्यांच्या देवळात लागेल. लागू दे. त्यांना आजारपणात उशाशी घेऊन कोण बसणार? त्यांना बोलायला कोण शिकवणार? रात्री भीती वाटली तर ती कुणाच्या पांघरुणात शिरणार? तुम्ही जवळ असाल तर तुमच्याही शिरतील. देवळाचं नाव विचारून मुलं पांघरुणात शिरत नाहीत.

तुम्ही पंचांना जे सांगितलंत ते तुमचं स्वतःचं होतं की नुसतं जिंकायचं म्हणून बोललात?

तारीख १५ मे ठरली आहे. दानीएलचं गाव देवळाली प्रवराजवळ आहे, तिथल्या त्यांच्या देवळात. पण आणखी एक गोष्ट आहे, आणि या वेळी मी लपवणार नाही. मी रोमन नसल्यामुळे लग्न वेदीपुढे लागत नाही. वेदीच्या बाजूला फादर जिथं कपडे बदलतात ती खोली आहे. तिथं लागतं. गाणं नाही, पेटी नाही. दानीएलना याचं माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

उत्तराची वाट बघते.

दीना


भिंगार,
ता. १४ एप्रिल १९४५

चि. दीनास आशीर्वाद.

मी बोललो ते कोंबडीविषयी बोललो. कोंबडीचं माणसाला लावायचं नसतं. लावायचं म्हटलं तर पुष्कळ काही लावता येईल.

कपडे बदलायच्या खोलीत लग्न? तू सातवीत पहिली आलीस तेव्हा तुझं नाव मी सगळ्या शाळेसमोर पुकारलं होतं. आणि लग्न लागणार ते कोटाच्या खुंट्यांखाली.

तू विचारलंस, ते माझं स्वतःचं होतं का? होतं. म्हणून तर अडचण झाली आहे. पंचांपुढे बोलत असताना मला वाटत होतं की मी बरोबर बोलतो आहे, आणि आता तेच वाक्य तुझ्या अक्षरात वाचून माझ्याच्यानं खोडवत नाही.

पण दीना, मला रोमन लोकांची भीती नाही, आणि माझ्या आजोबांना काय वाटेल याचीही खरं म्हणजे नाही. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मला भीती वाटते ती अशी : उद्या तुझी मुलं सुटीत इथं येतील. रविवारी ती त्यांच्या देवळाकडे जाताना माझ्या देवळावरून जातील. मी आत एकटा बसलेला असेन आणि ती आत येणार नाहीत. बाकावर शेजारी जागा राहील. तुझी आई गेल्यापासून एक जागा राहतेच आहे. आणखी किती रिकामी बघू?

याला तुझ्याकडे उत्तर असेल तर लिही.

बाबा


राजूर,
ता. २० एप्रिल १९४५

ती. बाबांस सलाम.

याला माझ्याकडे उत्तर नाही. मी खूप विचार केला. शाळेत मुलींनी विचारलं, बाई, डोळ्यांत काय गेलं? मी म्हटलं, खडूची पूड.

तुम्ही लिहिलंय तसंच होईल. काही रविवारी तुमच्या शेजारी मी असेन, पण मुलं नसतील. ते मला बदलता येत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही गोड लिहावं असं मनात आलं होतं, पण एकदा लपवून बघितलं, त्यानं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे.

दानीएल म्हणत होते, मी भिंगारला जाऊन त्यांच्या पाया पडतो. मी त्यांना अडवलं. तुम्ही कुणाच्या पाया पडण्यानं वळणारे नाहीत, आणि ते आले तर चहा द्याल, गुडघ्याचं बोलाल आणि परत पाठवाल.

१५ मे, मंगळवार, सकाळी. खोली लहान आहे. याल का, एवढंच विचारते. याहून जास्त मागत नाही.

दीना


भिंगार,
ता. ४ मे १९४५

चि. दीनास अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, कारण मी गावाला गेलो होतो. राहुरीपर्यंत आगगाडीनं, पुढं एका उसाच्या बैलगाडीतून. घर, खुराडं आणि पिलं चांगुणाबाईंवर सोपवून गेलो. परत आल्यावर एक पिलू कमी निघालं. त्या म्हणाल्या, "घारीनं नेलं." घारीनं नेलेलं पिलू आता त्यांच्या अंगणात दाणे टिपतं आहे. असू दे. कोंबडा त्यांचा आहे.

आधी दानीएलच्या घरी गेलो. त्यांच्या आई, मरियाबाई, शेतातून नुकत्याच आल्या होत्या. मी नाव सांगितल्याबरोबर त्यांच्या हातातला विळा तसाच राहिला. म्हणाल्या, "लगीन मोडाया आलात व्हय?" मी म्हणालो, खोली बघायला आलो आहे. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मग आदी जेवा. उपाशी मानसानं कायबी बगितलं तरी त्याला वंगाळच दिसतं." भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. जेवताना त्या समोर बसून होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "मास्तर, मलाबी लई रडाया आलं हुतं. माज्या पोराला रोमन पोरगी मिळंना का म्हनून. आता न्हाई येत." त्यांच्या मनात माझ्याविषयी तेच होतं जे माझ्या मनात त्यांच्याविषयी होतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी जास्त भाकरी खाल्ली असती.

मग त्या मला देवळाकडे घेऊन गेल्या. फादर गोरे आहेत आणि आपल्या पाळकसाहेबांपेक्षा शुद्ध मराठी बोलतात. याचा मला फार त्रास झाला. मी त्यांना विचारलं, तुमच्या त्या कागदात मुलांचा बाप्तिस्मा आहे, शिकवण आहे, आणखी काय काय आहे? त्यांनी वाचून दाखवलं. मी विचारलं, मुळाक्षरं कुणी शिकवायची याबद्दल काही आहे? म्हणाले, नाही. पाढे? नाही. सुटीत मुलांनी कुठं राहायचं? नाही. मी म्हणालो, मग ते माझ्याकडे. ते म्हणाले, मास्तर, तेवढं असलं तर पुष्कळच झालं.

त्यानंतर खोली बघितली. तू म्हणालीस त्याहून लहान आहे. एका भिंतीला झगे टांगलेले, मधे टेबल, वर एक झरोका. मी मनाशी माणसं उभी करून बघितली. टेबलापलीकडे फादर. अलीकडे तू आणि दानीएल. दोन्ही अंगांना साक्षीदार. मरियाबाई भिंतीला टेकून. एवढ्यात खोली भरते. मी फादरांना विचारलं, मुलीच्या बापाची जागा कुठं आहे? त्यांनी खोलीभर नजर फिरवली. त्यांनाही ती सापडली नाही. म्हणाले, टेबल बाहेर काढू. मी म्हणालो, टेबल राहू द्या. ती दोघं सही कशावर करतील?

खोलीला एकच दार आहे आणि ते त्यांच्या देवळात उघडतं. म्हणजे दारात उभं राहायचं तर पाठ त्यांच्या वेदीकडे होते आणि तोंड तुझ्याकडे. मी उभा राहून बघितलं. तिथून आतलं सगळं दिसतं, बोललेलं ऐकू येतं.

मंगळवारी मी त्या दारात उभा राहीन.

तुझा,
बाबा